'सीरियस' म्हटलं नाही म्हणून

नांदेड, सोमवार

प्रिय अंजूअक्का,

सकाळी फोनवर तू विचारलंस, "खरं सांग, अप्पा सीरियस हायत का?" मी म्हणालो, "न्हाई, नुसता वीकनेस हाय." ते खोटं होतं. डॉक्टर 'क्रिटिकल' म्हणाले; मी स्पेलिंगसुद्धा विचारून घेतलं. पण आपल्याकडं फोनवर सीरियस म्हटलं, की माणूस गेला असं समजूनच लोक रडत निघतात. तुला आठवा महिना चालू आहे, म्हणून जीभ रेटली नाही.

मघाशी अप्पांनी डोळे उघडले. "अंजी निघाली का?"

पत्र निलंग्याला पोचायला चार दिवस लागतील. डॉक्टरांनी दोनच सांगितलेत. म्हणून हे खिशात ठेवतो आणि फोनवर साधंच सांगतो: अप्पा जिवंत आहेत, तुझी वाट बघतात. दाजींना घेऊन आजच ये.

तुझाच भित्रा भाऊ,
संगमेश्वर