न पेरलेली पट्टी

प्रिय चिमणे,

फोनवर तू विचारतेस, "शेत काय म्हणतंय?" आणि मी "बरंय" म्हणून मोकळी होते. आज सगळं सविस्तर सांगते. हातातलं काम बाजूला ठेव आणि निवांत बसून वाच.

ओढ्याकाठची आपली पाणथळ पट्टी आठवते ना? तुझे बाबा गेल्यावरही मी तिथे दरवर्षी हट्टानं पेरत राहिले आणि बी कुजत राहिलं. मग सरकारी योजना आली. ओढ्यालगतची जमीन न पेरता गवताला, पाखरांना सोडली तर अनुदान मिळणार होतं. मी अर्ज केला तेव्हा काका हसून बेजार झाले. म्हणाले, "वहिनी, काही न करण्याचे पैसे मिळवणाऱ्या आपल्या घरातल्या तुम्ही पहिल्याच."

पण हप्ता काही येईना. चौकशी केली तेव्हा कळलं की उपग्रहाच्या फोटोत आपली पट्टी तळं म्हणून दिसते, आणि तळ्याला अनुदान नाही. मग कार्यालयातून तपासणी अधिकारी आले. उंच, चष्मेवाले, बुटांना छान पॉलिश. मी म्हटलं, "साहेब, कडेकडेनं चला." तर म्हणाले, "ताई, तळं आहे की जमीन, ते चालूनच ठरेल." थोडे पुढे गेले आणि गुडघ्यापर्यंत रुतले. काका आणि मी दोन्हीकडून ओढायला लागलो, तर हे म्हणतात, "जरा थांबा," आणि चिखलात उभ्या उभ्या कागदावर लिहितात, "जमीन आहे. पाय टेकले." मी बांधावर बसून हसले. इतकं की पोट दुखायला लागलं. किती वर्षांनी अशी हसले असेन कोण जाणे.

हप्ता आला, गोठ्याचं छप्पर झालं. साहेबांची तपासणीही संपली होती, पण ते सुट्टीच्या दिवशी सायकलवरून पाखरं बघायला यायला लागले. माझ्यासारखेच एकटे आहेत. चहा अगदी वाईट करतात. एकदा निघताना नुसतंच "येतो" म्हणाले. पुढच्या खेपेलाही "ताई" म्हणाले नाहीत. माझ्याआधी ते तुझ्या काकूच्या लक्षात आलं. ती कप विसळता विसळता गालातल्या गालात हसत होती.

गेल्या रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून आले. चहा समोर निवत ठेवला आणि म्हणाले, "तुमची फाइल मी दुसऱ्या अधिकाऱ्यांकडे दिली." मी घाबरतच विचारलं, "काही चुकलं का माझं?"

"नाही. मला जे विचारायचंय, ते फाइल माझ्याकडे असताना विचारणं बरं दिसलं नसतं."

मग त्यांनी विचारलं. दोन दिवसांनी नव्या अधिकारी बाईंनी येऊन पट्टी पुन्हा मोजली. ती थोडी अरुंद भरली आणि अनुदान कापलं गेलं. काका म्हणतात, "वहिनी, हे स्थळ महागात पडलं."

तर चिमणे, मी त्यांना हो म्हटलंय. आधी तुझ्या कानावर घालायचं ठरवलं होतं, पण उत्तर तोंडातून निघूनच गेलं. पुढच्या महिन्यात नोंदणी करून लग्न करतोय. बाबांचा फोटो आहे तिथेच राहील, हे मी सांगायच्या आधी त्यांनीच सांगितलं. तू त्यांना काय हाक मारायची ते तुझं तू ठरव. मी अजून "साहेब"च म्हणते, नि ते अवघडतात. साक्षीदार म्हणून मला तुझी सही हवी आहे. रागावली असशील तर येऊन भांड, पण ये.

तुझीच,
सध्या उगाचच हसत सुटणारी आई