फ्रीज, सासरे आणि एक पाटी

सोमवार, ४. सकाळ.
फ्रीज तीन आठवडे अखंड घरघरतोय. मिनिटभर बंद होत नाही. कारण उघड आहे. बायको आणि मुलगी दार नीट लावत नाहीत. म्हणून तर तीन आठवड्यांपूर्वीच जाड पुठ्ठ्याची पाटी केली: 'दार नीट लावत जा. हुकुमावरून.' दाराच्या वरच्या कडेवर दुमडून बसवली, अर्धी बाहेर, अर्धी आत. म्हणजे दार उघडं असो वा बंद, वाचावीच लागते. तरी ढिम्म फरक नाही.

रविवारी सासरे येताहेत. मागच्या वेळी आमचा बंद पडलेला पंखा त्यांनी सुरू केला आणि चहा पिताना माझ्याकडे दयेने पाहिलं. बारा वर्षं हेच चाललंय. यावेळी ते यायच्या आत फ्रीज मी दुरुस्त करणार. मेकॅनिक नको.

मंगळवार, ५. संध्याकाळ.
नेटवर वाचलं: मागची जाळी साफ करा. केली. धूळ निघाली, माझी दोन नखंही. फ्रीज चालूच. बायको म्हणाली, मेकॅनिकला फोन करू का. हिचा माझ्यावर विश्वास नाही, हे वडिलांकडून आलेलं.

गुरुवार, ७.
बटण कमी केलं, लोणी वितळलं. वाढवलं, टोमॅटोचे दगड झाले. मुलीने विचारलं, बाबा, पाटी काढून बघू का. वय वर्षं दहा आणि मला अक्कल शिकवते! पाटी काढली की यांना रान मोकळं. उलट तिच्यावर आणखी एक पुठ्ठा चिकटवला.

शनिवार, ९. दुपार.
दूध नासलं. बायकोने भाज्या शेजारणीच्या फ्रीजमध्ये हलवल्या. घरभेदी. माझा निष्कर्ष पक्का: कॉम्प्रेसर गेला. उद्या सासऱ्यांना हेच सांगणार, इंग्रजीत.

रविवार, १०. रात्री.
सासऱ्यांनी गार पाणी मागितलं, कोमट मिळालं. मी कॉम्प्रेसरवर बोलत होतो. ते उठले, दार लावलं, वरच्या फटीत बोट घातलं. बोट आरामात आत गेलं. मग पाटी उपसली, चष्मा लावला आणि सगळ्यांसमोर मोठ्याने वाचली. हुकुमावरूनसकट. मुलगी हसून हसून लोळली. मला धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं.

चार वाजता फ्रीज गप्प झाला.

निघताना सासरे म्हणाले, जावईबापू, अक्षर मात्र सुरेख आहे हो तुमचं.

बारा वर्षांतली पहिली स्तुती. लिहून ठेवतोय.