ताटलीत परत आलेलं

ता. ३ मार्च

चि. खारूस ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं शेवटचं पत्र येऊन दीड महिना झाला. मोठ्या हॉटेलात मुख्य स्वयंपाकी झाल्यापासून बहिणीला चार ओळी लिहायलाही तुझा हात रिकामा नसतो, असं धरून चालते.

आता कामाचं ऐक. आमच्या बाइंडिंगच्या कारखान्याचे मालक पुढच्या खोलीत कॅफे काढतायत, सहा टेबलांचं. त्यांना स्वयंपाकी हवाय आणि मालकीणबाईंना सगळं इटालियन हवंय. मी लगेच तुझं नाव सांगून बसले. त्या म्हणाल्या, आधी चव दाखवा. म्हणून रविवारी, एकवीस तारखेला दुपारी, ते दोघं आणि कारखान्यातली चार माणसं आपल्या घरी येणार आहेत. दोन दिवस रजा काढून ये. अगदीच जमत नसेल तर साधं, स्वस्त आणि माझ्यासारखीला झेपेल असं काहीतरी नीट लिहून पाठव. तीन वर्षं परगावी एकटा राहतोस, ते आता पुरे झालं. ही नोकरी लागली तर घरी राहशील, मला दुसरं काही नको.

तयारी म्हणून ऑलिव्हची बाटली आणली. शी! एक तोंडात टाकलं आणि तशीच मोरीकडे धावले. चीजचं तर नावच काढू नकोस. पाकीट उघडलं आणि ह्यांनी घरभर पायमोजे शोधले.

उत्तराची वाट बघतेय, ताटकळत ठेवू नकोस.

तुझी ताई

ता. ९ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

रजा मिळत नाही, सध्या गर्दीचे दिवस आहेत. पण तू निभावून नेशील.

पावाच्या बोटभर जाड चकत्या भाजून त्यांवर लसणाची पाकळी घास. टोमॅटो बारीक चिरून, मीठ लावून गाळणीत निथळत ठेव, नाहीतर पाव भिजतो आणि लोक अर्धाच खातात. वर बेसिलची पानं हातानेच तोडून टाक, थोडं तेल सोड. दुसरं म्हणजे, पांढरा घेवडा मऊ शिजवून लसूण, लिंबू, तेल घालून चेचायचा आणि पावाबरोबर ठेवायचा. सगळ्यात स्वस्त तेच, आणि वाटी पुसून घेतात. तिसरं, काडीला एक छोटा टोमॅटो, एक पान, मऊ ताज्या चीजचा एक तुकडा. वासाचं चीज आणूच नकोस. त्याचं कौतुक सगळे करतात आणि मग ते पावाच्या कडेखाली दडवतात. ऑलिव्ह बिया काढलेली घे. बियांची घेतलीस तर चघळलेल्या बिया नॅपकिनमध्ये गुंडाळून ठेवतात, आणि तो उचलला की हातात ओल्याच पडतात.

माणसं जेवायला बसतात तेव्हा काय छान दिसतात, ताई. उठून गेली की मागे बघवत नाही. सॉसमध्ये सिगारेट विझवतात. काल एकाने तोंडातला घास काढून सॅलडच्या पानाखाली लपवला होता. मला शिसारी येते, पण काम आहे.

भावोजींना नमस्कार. माझ्यावर आहे तो जीव तसाच राहू दे.

तुझा खारू

ता. २२ मार्च

चि. खारूस आशीर्वाद.

जिंकलास! सगळं चाटूनपुसून संपलं. पहिली खेप मात्र कोळसा झाली. आच किती, भाजायचं किती वेळ, यातलं एक अक्षर तू लिहिलं नव्हतंस. असा कसा रे स्वयंपाकी तू?

मालकीणबाईंचे हात सोन्याने भरलेले, पण खाणं काय सांगू! पाव चावायचा आणि तोच तुकडा पुन्हा घेवड्याच्या वाटीत बुडवायचा, असं तीन वेळा. मालकांनी काडीने दात कोरले आणि ती काडी भरल्या ताटात परत ठेवली. मी मात्र तुझ्यासाठी तोंडभर हसत राहिले.

कटिंग मशीनवाल्या काकांना तुझं पत्र वाचून दाखवलं. ते म्हणाले, हा मुलगा खाण्याआधीचं काहीच लिहीत नाही, सगळं खाऊन झाल्यानंतरचंच लिहितो. मी म्हटलं, मुख्य माणसाला सगळीकडे लक्ष ठेवावं लागतं. असो. मालक एक तारखेला तुझ्या हॉटेलात फोन करून चौकशी करणार आहेत, मग नोकरी तुझीच. सामान बांधायला घे.

तुझी ताई

ता. २६ मार्च

ती. ताईस सा. न.

मालकांना फोन करू देऊ नकोस. काकांनी बरोबर ओळखलं. मी मुख्य स्वयंपाकी नाही, स्वयंपाकीच नाही. तीन वर्षं मागच्या खोलीत ताटल्या धुतोय. पहिल्या महिन्यात लाजेपोटी तुला खोटं लिहिलं, आणि मग ते मागे घ्यायची हिंमत झाली नाही.

पदार्थ मात्र खोटे नाहीत. मला त्यांची चव माहीत आहे, कारण ताटलीत परत आलेलं मी खाल्लंय. भुकेने नाही, शिकायला मिळावं म्हणून. आधी चावलेली बाजू सोडून खायचो. पुढे पुढे तेही बघेनासा झालो. चुलीपाशी मला कोणी उभं केलं नाही, त्यामुळे पाव किती वेळ भाजतात ते मला ठाऊक नाही. माझ्यापर्यंत सगळं गार होऊनच येतं.

तुला किळस येईल. मला स्वतःचीच येते. शिव्या घाल, पण उत्तर पाठव.

खारू

ता. ३१ मार्च

चि. खारूस,

हो, किळस आली. पत्र वाचता वाचता हातातला घास ठेवून दिला. दोन दिवस पावाकडे बघवेना. आणि तुझा रागही आला. लोकांचं उष्टं चिवडत होतास आणि मला लिहायचास, रोज नवीन पदार्थ खातो! मी मेली कारखानाभर तुझी फुशारकी मारत हिंडले.

आज मालकांना सगळं खरं सांगितलं. मालकीणबाईंनी तोंडाला रुमाल लावला. असल्या माणसाचे हात त्यांना आपल्या स्वयंपाकघरात नकोत म्हणाल्या. मग मला राहवलं नाही. त्यांचा चावलेला पाव वाटीत कितीदा बुडला ते मी बोटं दाखवून सांगितलं. तुझी नोकरी गेली. माझी राहिली, कारण मालकांना हसू आवरेना.

आता माझंही ऐक. मीही तुला सगळं खरं लिहिलं नव्हतं. त्या रविवारी सगळं संपलं, पण माझ्या वाट्याला एक तुकडासुद्धा आला नव्हता. सगळे गेले. मालकीणबाईंच्या ताटलीत अर्धी चकती पडली होती, दातांची खूण असलेली. घरात कोणी बघत नाही ना, ते पाहिलं आणि मोरीपाशी उभ्याने ती खाल्ली. आपण काय केलंय ते कळावं म्हणून. चांगली झाली होती रे. तुला लिहायची लाज वाटली.

तिथे आता एक दिवसही राहू नकोस. इथे नोकरी नाही, पण शेगडी आहे. करपलं तर टाकून देऊ आणि पुन्हा भाजू. पहिली गरम चकती तुझी. बसून खा.

तुझीच,
ताई