उंची, वजन आणि स्वभाव आक्रमक

विंझर, ता. वेल्हे
५ डिसेंबर २००३

आदरणीय आनंदराव दाजी यांस,

मेहुणा मानसिंग याचा विंझरहून कमरेतून वाकून नमस्कार. (कमरेतून वाकता येत नाही, त्याचं कारण पुढे येईल. तूर्त नमस्कार झाला असं धरावं.) तिकडे मनालीकडच्या थंडीत तुमची तब्येत ठणठणीत असेल, छावणीतलं जेवण अंगी लागत असेल आणि ताईनं विणलेला स्वेटर तुमच्याच अंगात असेल, अशी आशा करतो. इकडे शिवऱ्याला ताई, भाचरं आणि तुमच्या मातोश्री धोंडाबाई सुखरूप आहेत. मातोश्री तर इतक्या सुखरूप आहेत की गेल्या आठ दिवसांत त्यांनी आमच्या गिरणीशेजारच्या किराणा दुकानात सहा वेळा फोन करून मला बोलावून घेतलं. माझी तब्येत विचारू नये.

पत्रास कारण की, तुमचे आभार मानायचे राहिले. दिवाळी झाल्यावर मी तुम्हाला पत्र घालून बर्फावर घसरायच्या स्की मागितल्या होत्या, आणि तुम्ही नवरदेव पाठवताय. माणसानं मागितलं त्यापेक्षा जास्त द्यावं, हे तुमच्या घराण्यात आहेच. मी दोन कागद पाठवले होते. पहिल्यावर स्कींबद्दलची विनंती, दुसऱ्यावर सोनियाची मापं आणि फोटो. तुमचं उत्तर तीन ओळींचं: ‘फळ्यांचं बघतो. मुलगी आपल्या पप्पूला शोभेल. दुसरा कागद आईकडे धाडला आहे.’ दाजी, तुम्हाला फौजेत लांबून शत्रू ओळखायचं शिकवतात म्हणे. मग जवळचा मेहुणा ओळखू येऊ नये?

आता तुम्ही म्हणाल, कागदावर उंची होती, वजन होतं, वय होतं, शिक्षण होतं, वर पिनेनं फोटो टोचला होता, मी दुसरं काय समजणार. तेही खरंच. आपल्या भोर-वेल्ह्यात पोरीची उंची आणि वजन आजवर दुसऱ्या कुठल्या कामासाठी कुणी लिहिलेलंच नाही. पण स्थळाच्या कागदावर बुटाचं माप असतं का? ‘गुडघ्याला पूर्वी मार नाही’ असं असतं का? (ताई सांगते, ही ओळ वाचून मातोश्री फारच खूष झाल्या. पोरगी कामाला दणकट निघणार.) आणि स्वभावापुढे मी ठळक अक्षरात ‘आक्रमक’ लिहिलं होतं. मला वाटलं, कागद चुकून कुणाच्या हातात पडलाच तर निदान हा एक शब्द मला वाचवील. तर मातोश्री फोनवर म्हणाल्या, “आसू दे की रं. आमचा पप्पू लई मऊ हाय. घरात एकानं तरी जोरात बोलाया नगं का?”

तुमचे धाकटे बंधू मऊ आहेत याबद्दल माझा वाद नाही. हायवेला टायरचं दुकान चालवून माणूस इतका मऊ कसा राहतो, याचंच मला नवल वाटतं. पप्पूशेठनं आयुष्यात बर्फ पाहिला तो उसाच्या रसात. तोही ते काढून टाकायला सांगतात, घसा धरतो म्हणून.

सोनिया कोण, हे मी मागच्या पत्रात नीट लिहिलं नाही ही माझी चूक. आमच्याच गावच्या वरच्या आळीतल्या गेनबांची ती थोरली. भोरला कॉलेजात आम्ही एका वर्गात होतो, म्हणजे ती वर्गात आणि मी बहुतेक वेळ बाहेर. गिर्यारोहणाच्या शिबिरातून तिचं नाव बर्फावरच्या कोर्सला लागलं, तेव्हा ऑफिसातल्या क्लार्कनं बोनाफाइड दाखला अडवला. पोरीच्या जातीला हे कशाला, असं त्याचं मत. मी त्याच्या टेबलावर हात आपटला. (शाईची दौत तिथे असेल याची मला कल्पना नव्हती.) सर म्हणाले, माफी माग. मी म्हणालो, कॉलेज सोडतो. दुसऱ्या दिवशी तिला दाखला मिळाला आणि मला काकाची पिठाची गिरणी. ती हिमालयात गेली, मी बाजरी दळायला बसलो. याची मी तिला आजवर आठवण करून दिलेली नाही. महिन्यातून एकदाच विषय काढतो.

तर ही मुलगी दोन हिवाळे कोर्स करून आली. उतार दिसला की सरळ खाली, वळण घ्यायचं ते सुद्धा वेगातच. तिथल्या उस्तादानं दाखल्यावर ‘आक्रमक’ असं लिहून दिलंय. तो शब्द माझा नाही. फेब्रुवारीत उत्तरांचलात निवड चाचणी आहे आणि हिच्याकडे स्वतःच्या स्की नाहीत. कोर्सच्या उधारीच्या स्की इतक्या नरम असतात की वेग घेतला की पुढची टोकं फडफडतात, पाय थरथरतात, आणि पडलं की पोरगीच कच्ची ठरते. तिला अशी जोडी पाहिजे की सकाळी दगडासारखा गोठलेला बर्फ असो, दुपारी त्याचा चिखल होवो, नाहीतर रात्रीत गुडघाभर ताजा पडो, एकीवरच सगळा डोंगर उतरता आला पाहिजे. आम्ही गरीब माणसं, दर हवामानाला वेगळी जोडी ठेवणार कुठे? पुण्याच्या एका दुकानात मी विचारलं, तर त्यानं चाकांचे बूट दाखवले. तुमच्याकडच्याच एका दुकानाला पत्र घातलं, त्याचं उत्तर आलं की लेडीजसाठी आमच्याकडे आखूड, हलक्या, नरम आणि फुलाफुलांच्या स्की आहेत, मॅडमना रंग फार आवडेल. तोरण्यावरून सोनिया उतरत असली की खालून चढणारा माणूस वाट सोडून उभा राहतो, दाजी. तिला म्हणे रंग आवडेल. म्हणून तुम्हाला लिहिलं. तुमच्या छावणीखालच्या बाजारात परदेशी पाहुणे जाताना स्की विकून जातात, असं तुम्हीच गेल्या सुट्टीत सांगितलं होतं.

नरम आणि कडक यातला फरक स्वतःला कळल्याशिवाय दुसऱ्याला काय लिहिणार, म्हणून मी कोंडिबा सुताराकडून दोन जोड्या करून घेतल्या, एक आंब्याची आणि एक सागाची. टोकं वर वळवून दे म्हटल्यावर कोंडिबानं फळी उलटीसुलटी करून बघितली. मग म्हणाला, “ते समदं व्हईल. पर ह्याला बैल कुठनं जुपायचा?” पाय बांधायला ट्यूबच्या पट्ट्या घेतल्या आणि गावामागच्या डोंगराला गेलो. या दिवसांत तिथलं वाळलेलं गवत किती निसरडं असतं ते तुम्हाला माहीत आहे, म्हशी सुद्धा तिरक्या चालतात. आंब्याची जोडी पहिल्याच उंचवट्यावर मोडली, तोवर ती बिचारी मला सांभाळून नेत होती. सागाची मोडली नाही. ती मला घेऊन थेट करवंदीच्या जाळीत गेली आणि मी बाहेर आल्यावरही शाबूत होती. एवढं मात्र कळलं की कडक स्की अंगात जोर असलेल्याचं ऐकते, बाकीच्यांना ती नेईल तिकडे जावं लागतं. कंबर तेव्हापासून दुखते आहे. गावात कारण विचारतात, मी पोतं उचललं म्हणून सांगतो.

मापं घेतली त्याचा त्रास तर वेगळाच. पोरीला उंची आणि वजन तोंडावर विचारायची आपल्याकडे सोय नाही. उंचीचं जमलं. दळणाला आली तेव्हा गिरणीच्या चौकटीला टेकून उभी राहिली, ती गेल्यावर मी तिथे खिळा मारला. वजनासाठी मी सांगितलं की यापुढे पोतं खाली ठेवायचं नाही, खांद्यावर घेऊनच काट्यावर उभं राहायचं, असा नवा नियम आहे. ती माझ्याकडे बघत उभी राहिली. एकूण एकोणऐंशी भरलं, पोत्याचे पंचवीस वजा केले, चोपन्न उरले. (पुढे दिवसभर हा नियम सगळ्यांना लावावा लागला. एका म्हातारीनं मला जे सुनावलं ते पत्रात लिहिण्याजोगं नाही.) इतक्या कष्टानं मिळवलेले आकडे तुमच्या मातोश्री आता शिवऱ्यात घरोघर वाचून दाखवतायत.

आणि कळस ऐका. मातोश्रींनी गेनबांना निरोप धाडला तो माझ्याच नावानं. तुमच्या गावच्या मानसिंगनं स्थळ सुचवलंय, तोच मध्यस्थ. तीन वर्षं गेनबा मला वाटेत बघून थुंकायला बाजूला वळत होते. कॉलेज सोडलेलं पोरगं, दुसरं काय करणार. परवा त्यांनी मला हाक मारून ओट्यावर बसवलं, पितळी पेल्यात चहा दिला आणि पाठीवर हात ठेवून म्हणाले, “मानसिंगराव, म्या तुमाला वळाकलंच न्हाई बगा. आज पोरीसाठी सख्ख्या भावावानी झटताय.” दाजी, त्या घरातला पहिला चहा मला मिळाला तो सख्खा भाऊ म्हणून. मी तो पूर्ण प्यायलो. घरी येऊन गिरणी चालू केली आणि कुणाच्या तरी गव्हावर कुणाची तरी बाजरी ओतली. राग मला येत नाही, हे तुम्ही जाणताच.

सोनियानं तर तेव्हापासून बोलणंच टाकलंय. दळणाला येते, “बारीक” एवढंच म्हणते, डबा उचलते, जाते. तिला वाटत असणार, मला दुसऱ्याच्या घरी पोचवायची याला एवढी घाई झाली आहे. आता मातोश्रींचा हुकूम असा, की पौष लागायच्या आत, एकवीस तारखेच्या रविवारी पाहणी. त्यासाठी तुम्ही खास सुट्टी काढून येताय असं कळलं. (स्वतःच्या मेहुण्याच्या कॉलेजच्या भानगडीत तुम्हाला सुट्टी मिळाली नव्हती.) मी चेलाडी फाट्यावर उभं राहून पाहुण्यांची जीप वाट दाखवत दाखवत गेनबांच्या दारापर्यंत आणायची, मुलीला प्रश्न कोणते विचारायचे ते पप्पूशेठला आधी सांगायचं, आणि पोहे खायचे. मी सगळं करीन. मी शांत आहे.

मोठ्यांना नमस्कार, तिकडच्या उस्तादांना सलाम. लिहिण्यात अधिकउणं झालं असेल तर ते अधिकच झालं असणार, तेवढं सांभाळून घ्यावं.

तुमचा, अजून तरी, मेहुणा
मानसिंग

ता. क. वरचं सगळं नाही वाचलं तरी चालेल, एवढं वाचा. दाजी, पप्पूला त्या रविवारी ताप आणा. ताप नसेल येत तर पोट बिघडवा, पण त्याला गेनबांच्या ओट्यावर बसवू नका. मला ती मुलगी पाहिजे. मी हे तिला कधी बोललो नाही. स्की हातात ठेवल्या की तिला आपोआप कळेल, असं ठरवलं होतं. मुलगी पप्पूला दाखवून झाली की मग गेनबा मला कुठल्या तोंडानं देतील, आणि मी कुठल्या तोंडानं मागू? तुम्ही थोरले आहात, तुमच्या एका शब्दात हे थांबेल.

ता. क. दुसरा. स्कीवरून पडल्यावर बूट वेळेवर सुटावा म्हणून जी खटक्याची स्प्रिंग असते ती वजनावर लावतात, असं एका पुस्तकात आत्ताच वाचलं. वजन चुकलं तर बूट भलत्या वेळी सुटतो नाहीतर सुटतच नाही, आणि गुडघा जातो. माझ्या चोपन्नावर मी तिचा गुडघा टाकणार नाही. म्हणून मापांचा कागद पुन्हा जोडतोय. हे पत्र आत घडी घालून, फक्त मापांचा कागद वर दिसेल असं करून सोनियाकडे देतो. ती आकडे तपासून उद्या वेल्ह्याच्या पोस्टात टाकील. घडी मी पक्की घातली आहे.

ता. क. तिसरा. अक्षर वेगळं आहे, कारण मी सोनिया.

दाजी, नमस्कार. (दाजीच म्हणते.) वजन एकसष्ट. पोतं अठरा किलोचं होतं. गिरणीवाल्याला पोत्याचं वजन कळू नये? काट्यावर कशासाठी उभं करतोय ते मला तेव्हाच कळलं होतं, म्हणून तर उभी राहिले. उंची बरोबर आहे. स्की माझ्या डोक्याइतक्या उंच बघा, वर दोन बोटं गेल्या तरी चालतील, पण आखूड नकोत. बुटाखाली चार बोटं रुंद. हातानं वाकवून बघा, तुम्हाला जोर लावावा लागला तरच घ्या. कडेची पोलादी पट्टी कुठे तुटलेली नको. बायकांच्या का पुरुषांच्या, ते बघू नका. रविवारी येताना घेऊनच या.

पप्पूंना ताप आणू नका, येऊ द्या. माझ्या वर्गातली एक मुलगी आहे, स्वभावानं त्यांच्याहून मऊ. तिला त्या दिवशी आमच्याकडे बोलावते. तुमच्या आईंना जोरात बोलणारं कुणी पाहिजेच असेल तर मी विंझरहून येऊन बोलत जाईन.

काल रात्री वडिलांना, आबांना, सगळं सांगितलं. सकाळी दूध घालून आल्यावर म्हणाले, “मग त्याला रविवारी गिरणी बंद ठिऊन, आंगावरचं पीठ झटकून यायला सांग.” मी एवढ्यात सांगणार नाही. तीन वर्षं माझ्यासमोर मनातला एक शब्द बोलला नाही आणि तुम्हाला पानंच्या पानं लिहिली आहेत. वाट बघणं काय असतं ते पंधरा दिवस त्यालाही कळू दे. पाकीट मी चिकटवते आहे.