पक्की सडक मोटारीची

माये, अमरावतीहून तुह्या देवीदासचा पायावर डोकं ठेवून नमस्कार.

मी बरा आहे, बैलंबी बरे आहेत. आपले नत्थुजीकाका मात्र परवा मोटारीखाली गेले. इथंच अग्नी दिला.

यंदा सरकारचा हुकूम निघाला, पक्की सडक मोटारीले, बैलगाड्यायनं बाजूच्या मातीतून जावं. मातीत चाकं रुतली, म्हणून काकानं वांग्याची गाडी सडकेवर घेतली. मोटार थांबलीच नाही.

जमादारानं इचारलं, "गाडी सडकेवर काहून आणली?"

"चाकं रुतून राहिली होती," मी म्हटलं.

त्यानं एवढंच लिहिलं, गाडी सडकेवर होती. मी त्याखाली सही केली. तवा काहीच वाटलं नाही.

तुहा खोकला कमी झाला काय? जमुनाकाकूले तूच जाऊन सांग. सही मी केली, हेबी सांग.

तुहा देवीदास