खाडीतला पट्टा नंबर चार

शनिवार, ५ मार्च २०११
आजपासून सॅमन वाचवायचे. इथे कॅनडात आमच्या घरापासून वीस मिनिटांवर फ्रेझर नदीची खाडी. सॅमनची बोटाएवढी पिल्लं नदीतून खाली येतात आणि समुद्रात शिरण्याआधी काही आठवडे इथल्या गवतात राहून खाऱ्या पाण्याची सवय करतात. शहराने काठाला दगड रचले, गवत गेलं. ते आता आपण लावायचं. अँजेला नावाची बायॉलॉजिस्ट व्हॉलंटिअर्सना एकेक पट्टा वाटते. आम्हाला नंबर चार. आम्ही म्हणजे मी, बायको उल्का आणि शंतनु. शंतनु माझा अकरा वर्षांचा मित्र, ऑफिसला मी त्याच्याच गाडीतून जातो. लीडर कोण हे कोणी विचारलं नाही. त्यामुळे मी.

शनिवार, १२ मार्च
लव्हाळ्याची तीनशे रोपं लावून घेतली. शंतनु अलिबागचा. म्हणाला, चिखलात एका जागी उभा राहू नकोस. मी नागपूरचा असलो तरी अठरा वर्षं सॉफ्टवेअरची टीम सांभाळतोय. देखरेख उभं राहूनच करतात. उजवा गमबूट खाडीत राहिला. पायही राहिला असता, दोघांनी काखेत धरून ओढलं. हे अँजेलाला द्यायच्या रिपोर्टमध्ये नको.

रविवार, २० मार्च
कॅनडा गीज, म्हणजे इथले हंसासारखे मोठे पक्षी! दोनशे रोपं मुळासकट उपटून खाल्ली. अँजेला म्हणते, खुंट्या रोवा, सुतळी बांधा, मग गीज उतरत नाहीत. सुतळी! २०११ साली! माझा प्लॅन वेगळा आहे. पार्किंगमध्ये आयतं जेवण मिळालं तर गीज गवताकडे कशाला जातील? प्लॅन फक्त शंतनुला सांगितला, कोणाला न सांगण्याची शपथ घालून. "नंदू, हे करू नकोस," म्हणाला. म्हणजे पटलंय, हिंमत नाही.

शनिवार, २६ मार्च, स. ७
पोळ्या सहा. गीज चौदा. पट्ट्यावर एकही नाही. यश.

रविवार, ३ एप्रिल
गीज अठ्ठेचाळीस. त्यांच्यात बातमी लवकर पसरते. उल्का म्हणाली, हल्ली तुला पोळ्या फार लागतात. पोळ्या झाल्यावर काही गीज पट्ट्यावर जातात खरे, पण नुसतं तोंडी लावायला.

शनिवार, ९ एप्रिल
आमचं गवत संपलं. शेजारच्या पट्टा तीनचं निम्मं गेलं. तीनवाले वाटेल ते बोलले. आपलं गवत आपण सांभाळावं.

सोमवार, ११ एप्रिल
अँजेलाची सगळ्यांना ईमेल. कोणीतरी गीजना खायला घालतंय, कृपया थांबवा. पिल्लं खाली यायला लागलीत आणि त्यांना आसरा नाही. सोबत फोटो. पिवळा रेनकोट, हातात स्टीलचा डबा. चेहरा पंखांच्या आड, त्यामुळे कोणी ओळखणं शक्य नाही. दहा मिनिटांत चौघांचे फोन.
प्लॅन एकट्या शंतनुला माहीत होता. अकरा वर्षं! संध्याकाळी गाडीतून उतरताना एवढंच सांगितलं, उद्यापासून मी स्कायट्रेनने जाणार. "का रे, काय झालं?" म्हणाला. काय अभिनय!

शनिवार, ३० एप्रिल
शंतनुशी अबोला, एकोणिसावा दिवस. तो आतून खचला असणार. उल्का मात्र दर शनिवारी त्याच्याच गाडीतून खाडीवर जाते. नवी रोपं, खुंट्या, सुतळी. मी म्हटलं, तुला काही वाटतं का? म्हणाली, वाटतं ना, कंबर मोडते, तूही चल. गेलो नाही. स्वाभिमान.

शनिवार, १४ मे
गेलो. लांबून बघायला फक्त. आज मासे मोजायचे होते. जाळ्याचं एक टोक धरायला माणूस कमी पडला, अँजेलाने मला हाक मारली. दुसऱ्या टोकाला शंतनु. एकमेकांकडे न बघता गुडघाभर पाण्यातून जाळं ओढलं. अँजेलाने सापडलेली पिल्लं अलगद बादलीत सोडली. एवढीशी, अंगावर पुसट पट्टे, डोळे मात्र मोठ्या माशाचे. शंतनु मोठ्याने मोजत होता. सत्ताविसावर त्याचा आवाज बसला. पुढची चार मी मोजली. एकतीस. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, पण वारा होता.
घरी येताना उल्काला म्हणालो, शंतनु माणूस चांगला होता, फोटो काढायला नको होता त्याने.
"त्याने कुठे काढला?" उल्का म्हणाली. "पोळ्या जातात कुठे ते बघायला मी तुझ्या मागून आले होते. मीच काढला, मीच पाठवला."
मग महिनाभर बोलली का नाहीस? तर म्हणे, तू लाजेने स्कायट्रेनने जातोस असं वाटलं. शंतनुवर संशय आहे हे तू कधी सांगितलंस?
मी म्हणालो, अगं, तू माझी बायको ना?
"म्हणून तर चेहरा दिसतोय तो फोटो नाही पाठवला."

मंगळवार, १७ मे
शंतनुला फोन केला. मुद्दे कागदावर काढून ठेवले होते. पहिला मुद्दा: गैरसमज कोणाचाही होऊ शकतो.
"चूक झाली," म्हणालो.
"कोणाची?"
कागदावर बघितलं. त्यात ते नव्हतं.
"माझी."
मग म्हणाला, "उद्या पावणेआठला खाली उभा राहा. उशीर करू नकोस."
उल्काशी मात्र शनिवारपासून मी एक शब्द बोललेलो नाही. तिच्या अजून लक्षात आलेलं दिसत नाही.