निजामाची फौज पुन्हा बांधताना

प्रिय रफिक,

टाकीची गळती बुजवायचा तो मसाला आज दुकानातून आणला, म्हणून लिहितोय. दुकानदारानं विचारलं, "कुठं गळतंय?" काय सांगणार? साठीला आलेला माणूस पुन्हा खेळातले सैनिक करायला बसलाय म्हणून?

तू गेलास त्यावर एक पावसाळा उलटला. पाऊस पडलाच नाही, ते सोड. नांदूरघाटच्या कब्रस्तानात मीही तुला माती दिली, हात धुतले, घरी येऊन जेवलो. तेव्हापासून आत काहीच हलत नाही बघ. डोळ्यांतून एक टिपूस नाही. लोक म्हणतात, सावरला. मला माझीच भीती वाटते.

हे खूळ डोक्यात शिरलं ते त्या जुन्या दुष्काळात. ऊसच नव्हता, सहकारी साखर कारखाना बंद. मी वजनकाट्यावरचा कारकून, तू उसाचे ट्रॅक्टर दुरुस्त करणारा, दोघंही रिकामे. काट्याच्या खोलीतल्या टेबलावर आपण खर्ड्याची लढाई मांडली, मराठे विरुद्ध निजाम. पहिली फौज रानातल्या काळ्या मातीची केली आणि उन्हात वाळत घातली! काळ्या मातीला भेगा पडतात हे आपल्याला कुणी सांगायला हवं होतं का? संध्याकाळी दोन्ही फौजांचे तुकडे. मग तू गॅरेजमधून हा मसाला आणलास आणि क्लचच्या तारेचे पाय लावून घोडे उभे केलेस. काय घोडे होते रे!

मराठे तू घेतलेस, निजाम माझ्या वाट्याला. बघायला जमलेले सगळे हसले. तू म्हणालास, "ज्याला घोडं करता येतंय त्यानं मराठं घ्यावं. तुला येतंय का बे?"

मला येत नव्हतं. अजूनही येत नाही.

आणि तुझा तो नियम! पायदळ एक वीत, घोडा दोन वीत, ज्यानं त्यानं आपल्या हातानं मोजायचं. तुझा पंजा केवढा! तुझे घोडे बघता बघता माझ्या तोफांवर येऊन पडायचे. फुटपट्टी घे म्हटलं की तू म्हणायचास, "लढाईत फुटपट्टी कावून? लई कटकट करतो बे तू." एकदा तरी मला जिंकू द्यायचं होतंस!

परवा तुझ्या घरी शहनाज भाभींनी तुझ्या घोड्यांचा डबा माझ्या हातात दिला. "भाऊजी, तुमीच घेऊन जावा. हितं कोन खेळणार हाय?" माझी फौज तर कारखाना विकला तेव्हा त्या खोलीबरोबरच गेली. म्हणजे एक फौज नव्यानं बांधायला हवी. कोणती? घोडे तयारच आहेत, आपणच मराठे व्हावं, असंही मनात आलं. एक घोडा टेबलावर ठेवला, माझी वीत टाकून पुढे सरकवला. तो कुठंच पोचला नाही. तो तुझा घोडाच वाटेना.

तेव्हा निजामच बांधतोय. पायदळ माझ्या हातून जमेल तसं होईल. तुझ्या जागी कुणाला बसवणार नाही. तुझी चालही मीच चालेन, माझी वीत आणि वर दोन बोटं, बरोबर तुझ्या पंजाएवढी. तुझा एकही घोडा मुद्दाम चुकीचा टाकणार नाही. शब्द देतो, पुरता हरेपर्यंत टेबलावरून उठणार नाही. तू मला हरवल्यावर तरी रडू येतं का, बघतो.

तुझ्या समोर बसणारा,
दत्ता